एका इंचाची फौज

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी दोन खेळ चालतात. गल्लीबोळांत लहान मुलं चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर जातात, बैलाला ओवाळून घेतात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागतात. हा तान्हा पोळा. त्याच दिवशी नदीच्या पात्रात मोठी माणसं हातात दगड घेऊन उभी असतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधोमध रोवलेलं पळसाचं झाड आणि त्याच्या शेंड्याला झेंडा. ही गोटमार. झाड सावरगावकर रोवतात आणि राखतात. पांढुर्णेकरांनी दगडांचा मारा सोसत तिथवर पोचायचं, झाड तोडायचं आणि झेंडा काढून आणायचा. शेवटी तो झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. दरवर्षी शेकडो माणसं रक्तबंबाळ होतात, कित्येकांचे जीवही गेले आहेत. प्रशासनानं रबरी चेंडू वाटून पाहिले, जमावबंदी लावून पाहिली. दगड थांबले नाहीत.

या दोन खेळांच्या मधली एक जागा रिकामी आहे. लाकडी बैलाएवढंच निरुपद्रवी, पण गोटमारीसारखं दोन बाजूंचं, ईर्ष्येचं, नदी-टेकडी-झेंडा असलेलं काहीतरी तिथे बसतं. युरोपात ती जागा टेबलावरच्या युद्धखेळानं भरून काढली. इंच-सव्वा इंच उंचीचे सैनिक घडवायचे, रंगवायचे, टेबलावर टेकड्या आणि नाले मांडायचे, आणि फूटपट्टी व फासे घेऊन एखादी खरी लढाई पुन्हा लढायची. आपल्याकडे पुण्या-मुंबईत, बंगळूरमध्ये हा छंद असणारे लोक आहेत. त्यांच्या टेबलांवर बहुधा परदेशी फौजा असतात, नाहीतर कल्पित जगातल्या. नागपूरकर भोसल्यांची फौज अशी उभी राहावी आणि ती सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात घडावी, असं मला मनापासून वाटतं. कारणं सांगतो.

पहिलं कारण हाताचं. या भागाला छोट्या आकृती रंगवण्याची सवय आहे. पोळ्याला खऱ्या बैलाची शिंगं रंगतात, त्यांना बेगड लागते, अंगावर झूल चढते. आणि डब्यात उरलेला तोच ऑइलपेंट दुसऱ्या दिवशीच्या लाकडी बैलाच्या वशिंडावर आणि डोळ्यांवर जातो. तान्ह्या पोळ्याची सुरुवात नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजांनी केली असं सांगतात. मुलांना बैलाचं मोल कळावं म्हणून राजानं लाकडी बैल वाटले, अशी ती आठवण आहे. जी माणसं चार बोटांच्या बैलाच्या डोळ्यात पांढरा ठिपका अचूक देतात, त्यांना इंचभर उंचीच्या शिपायाचं मुंडासं जड जाणार नाही.

दुसरं कारण भूगोलाचं. हा मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा, अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांचा. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला, आणि 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. नकाशे बदलले तरी नागपूर इथून शंभर किलोमीटरच्या आसपासच आहे. भोसल्यांच्या राज्याचा निकाल ज्या टेकड्यांवर लागला त्या सीताबर्डीच्या टेकड्या इथल्या माणसाला रेल्वेतून उतरताच भेटतात. किल्ला लष्कराकडे आहे आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशा दिवशी लोकांसाठी उघडतो.

युद्धखेळाचा पूर्वज प्रशियाचा. फॉन राइसवित्झ नावाच्या सरदारानं 1812 साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी असा खेळ एका मोठ्या टेबलाच्या रूपात बनवला. त्याच्या सैन्याधिकारी मुलानं तो 1824 साली नकाशा, फासे आणि पंच अशा सुटसुटीत रूपात आणला. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्यूफलिंग यांनी तो पाहिला आणि साऱ्या सैन्यानं तो खेळावा अशी शिफारस केली. घराच्या दिवाणखान्यात हा प्रकार आणला तो एच. जी. वेल्स यांनी. विज्ञानकथांसाठी आपण त्यांना ओळखतो. 1913 साली त्यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यातले शिशाचे पोकळ सैनिक, स्प्रिंगवर लाकडी गोळा उडवणारी खेळण्यातली तोफ आणि लाकडी ठोकळ्यांची घरं, एवढ्या सामानावर त्यांनी नियम बसवले. पुस्तकाच्या शेवटी ते खऱ्या युद्धाविरुद्ध बोलतात. जमिनीवर बसून तीन-चार वेळा शिशाची फौज हरवून बसलेल्या माणसाला खरं युद्ध किती ढिसाळ आणि किती महाग असतं ते कळतं, असा त्यांचा रोख आहे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. जाम नदीचं पात्र ज्यानं पाहिलं आहे त्याला वेल्सचं म्हणणं समजायला महायुद्धाची गरज पडत नाही.

आपल्याकडे सैनिक होते, फक्त नियम नव्हते. दिवाळीत पश्चिम महाराष्ट्रात, आणि नागपुरातही, अंगणाअंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. त्यावर आळीव-मोहरी पेरून हिरवळ आणतात, सिंहासनावर शिवाजीमहाराज बसतात आणि बुरुजांवर कुंभारवाड्यातून आणलेले मावळे चढतात. दोन भागांच्या साच्यातून काढलेला, लाल-हिरव्या अंगरख्याचा, एका हातात भाला आणि दुसऱ्या हातात ढाल घेतलेला हा मावळा मराठी मुलाचा पहिला सैनिक. माझं त्याच्यावर प्रेम आहे. पण तो लढत नाही, पहारा देतो. आणि सगळ्या काळांसाठी, सगळ्या किल्ल्यांसाठी तो एकच असतो. तोरण्यावर तोच, पानिपतच्या देखाव्यात तोच, आणि उद्या कोणी सीताबर्डी मांडली तर तिथेही तोच उभा राहील.

सीताबर्डीवर तो नव्हता. ज्या क्षणी आपण एखादी ठरावीक लढाई रंगवायला घेतो त्या क्षणी प्रश्न सुरू होतात. हा माणूस कोण? पगार कोणाचा खातो? घोडा स्वतःचा की सरकारी? कोट कुठल्या रंगाचा? इतिहासाचं पुस्तक ‘भोसल्यांची फौज’ असे दोन शब्द लिहून पुढे जाऊ शकतं. ब्रश हातात घेतलेल्या माणसाला पुढे जाता येत नाही, कारण समोरच्या इंचभर आकृतीला कुठला तरी रंग द्यावाच लागतो. या छंदाची माझ्या लेखी खरी किंमत इथे आहे.

सीताबर्डीची लढाई 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी सुरू झाली आणि 27 च्या दुपारपर्यंत, सुमारे अठरा तास, चालली. टेकड्यांवर ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स आणि लेफ्टनंट कर्नल हॉपटन स्कॉट यांची सुमारे तेराशे-चौदाशे माणसं होती. मद्रास पायदळाच्या 20 व्या आणि 24 व्या रेजिमेंटची एकेक पलटण, रेसिडेंटच्या रक्षकांच्या दोन कंपन्या, सहाव्या बंगाल घोडदळाचे तीन ट्रूप आणि सहा पौंडी चार तोफा. समोर नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांची सुमारे अठरा हजारांची फौज आणि पस्तीसेक तोफा. त्या अठरा हजारांत तीन हजारांच्या वर अरब.

आता हिशेब. एका आकृतीला चाळीस माणसं धरली तर कंपनीची सगळी फौज चौतीस आकृत्यांत बसते आणि भोसल्यांची साडेचारशेंना जाते. एका आकृतीला अर्धा तास दिला तरी दोन्ही बाजू मिळून जवळजवळ अडीचशे तासांचं काम. रोज रात्री जेवणानंतर दोन तास बसणाऱ्यानं पोळ्याला सुरुवात केली तर संक्रांत तोंडावर येते. म्हणून बरेच जण पंधरा मिलिमीटरच्या, कधी सहा मिलिमीटरच्या आकृत्या घेतात. मी तरी अठ्ठावीस मिलिमीटरच्याच बाजूचा आहे. तळपायापासून डोळ्यांपर्यंत साधारण एक इंच. त्या उंचीला चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसला नाही तर अरब कोण आणि तेलंगा, म्हणजे कवायती शिपाई, कोण हे टेबलाच्या पलीकडच्या माणसाला कळत नाही.

भोसल्यांची तयार आकृती दुकानातून उचलून आणता येईल असं समजू नये. रेझिनवर छापणारे थ्रीडी प्रिंटर आता मोठ्या शहरांत भाड्यानं काम करून देतात, पण छापण्यासाठी आधी कोणीतरी ती आकृती घडवावी लागते. घडवण्याचं सामान मात्र हार्डवेअरच्या दुकानात आहे. तांब्याच्या बारीक तारेचा सांगाडा पिळायचा, त्यावर एम-सील चढवायचं आणि ते कडक व्हायच्या आत ओल्या टाचणीनं घड्या, कमरबंद, दाढी काढायची. असा एक चांगला अरब, एक शिलेदार, एक तेलंगा जमला की दोन भागांचा साचा काढून बाकीचे ओतायचे. कुंभार मावळा काढतो तीच रीत. साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक रेघ प्रत्येक आकृतीवर उमटते. ती ब्लेडनं खरवडून काढण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर रंग दिल्यावर तीच रेघ आधी दिसते.

मग प्रायमर. तो राखाडी किंवा तपकिरी, आणि फवाऱ्यानंच. ब्रशनं दिलेल्या जाड थरात टाचणीचं सगळं काम बुजतं. त्यावर ॲक्रिलिकचे मूळ रंग, कॅमलिनचे चालतात, फेव्हिक्रिलचेही. पाण्यानं पातळ करून दोन हात द्यायचे. त्यानंतर अतिपातळ तपकिरी रंग सगळ्या अंगावरून सोडायचा. तो आपोआप घड्यांत उतरतो आणि सावली बनतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं, त्यावर रंग आहे की नाही अशी शंका यावी इतक्या कोरड्या, उंचवट्यांवरून हात फिरवायचा. नाक, गुडघे, मुंडाशाचे पदर उजळतात. सावली आणि उजेड दोन्ही रंगवावे लागतात, कारण इतक्या छोट्या वस्तूवर खोलीतला दिवा पुरेशी सावली पाडत नाही. तळाला फेव्हिकॉल लावून वाळू चिकटवायची आणि तिला रंग द्यायचा. काळ्या मातीचा की मुरमाचा, हे ठरवताना नागपूरच्या टेकडीचा खडक डोळ्यांपुढे असावा.

माझ्या मनात सगळ्यात जास्त घर केलं ते मद्रासच्या 24 व्या रेजिमेंटच्या शिपायानं. कंपनीच्या शिपायाचा लाल कोट सोपा वाटतो. पण त्या कोटाची कॉलर आणि मनगटाच्या पट्ट्या रेजिमेंटगणिक वेगळ्या रंगाच्या असत, आणि या पलटणीच्या बाबतीत त्या रंगाला एक कहाणी आहे. ही पलटण पूर्वी पहिल्या रेजिमेंटची होती. 10 जुलै 1806 ला वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी बंड केलं. कारणांत एक मोठं कारण डोक्यावरच्या नव्या पगडीचं होतं: नव्या धाटणीची, चामड्याचा तुरा लावलेली पगडी, आणि तिच्याबरोबर गंध पुसण्याचा आणि दाढी काढण्याचा हुकूम. बंड मोडल्यावर पहिल्या रेजिमेंटचा नंबर यादीतून खोडला गेला. जे शिपाई उरले ते 24 व्या नंबराखाली, वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावून चाकरी करत राहिले. अकरा वर्षांनी तेच सीताबर्डीच्या लहान टेकडीवर होते. लढाईचा सगळ्यात भयंकर मारा त्यांनी सोसला. जिंकल्यावर बक्षीस काय हवं तर त्यांनी आपला जुना नंबर आणि कोटाच्या पट्ट्यांचा जुना रंग परत मागितला. तो मिळाला.

मद्रासकडून नागपुरात येऊन परक्या सरकारसाठी मराठ्यांशी लढलेली ही माणसं. त्यांच्याबद्दल शाळेत आम्हाला कोणी काही सांगितलं नाही, आणि ते आपले की परके हा प्रश्न मी आजही सोडवू शकत नाही. पण मनगटावरची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी रंगवताना हे माहीत असलेला हात वेगळा चालतो. त्या पट्टीसाठी आठ-दहा आकृत्यांना मी इतर साऱ्यांपेक्षा दुप्पट वेळ द्यावा म्हणतो.

भोसल्यांच्या बाजूला नेमकं उलटं. तिथे सारखेपणा शोधायचाच नाही. अरब आपल्या मुलखाच्या पेहरावात, कमरेला वाकडा जांबिया, हातात लांब नळीची तोड्याची बंदूक. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा शिलेदार प्रत्येक वेगळा. एकाचा अंगरखा पिवळा, दुसऱ्याचा गुलाबी, तिसऱ्याच्या अंगात चिलखत. सरकारी घोड्यावरचा बारगीर त्यापेक्षा जरा साधा. घोड्यांचेही रंग एकाच पागेतले वाटू देऊ नयेत. कुमैत, अबलख, सब्जा असे सगळे मिसळावेत. साडेचारशेत एकही आकृती दुसरीसारखी रंगवायची नाही, हा नियम पाळला की ही फौज आपोआप खरी दिसू लागते.

आता टेबल. सहा फूट लांब, चार फूट रुंद. दोन टेकड्यांमधलं अंतर सुमारे तीनशे यार्ड होतं. दहा यार्डांना एक इंच धरला तर तीस इंच. सैनिकाचं माप आणि जमिनीचं माप इथे जुळत नाही, जुळवूही नये. खरं प्रमाण धरलं तर दोन टेकड्या एका खोलीत मावणार नाहीत. मोठी टेकडी दक्षिणेला, लहान उत्तरेला, आणि लहान टेकडीला अगदी लगटून वस्तीची घरं. ती घरं चुकवू नका. त्यांच्या आडोशानंच अरब टेकडीच्या इतके जवळ येऊ शकले. टेकड्यांना थर्माकोल पुरतो, घरांना पुठ्ठा आणि वरून मातीचा हात.

नियम बसवताना ही लढाई आणखी उलगडते. एक तास म्हणजे एक डाव, म्हणजे अठरा डाव. अठरा डाव संपेपर्यंत मोठी टेकडी कंपनीकडे राहिली तर कंपनी जिंकली. साडेचारशे विरुद्ध चौतीस. कागदावर हा सामना व्हायलाच नको. मग प्रत्यक्षात काय झालं? अप्पासाहेबांनी लढाई आपली म्हणून उघडपणे कधी अंगावर घेतलीच नाही. हरल्यावर त्यांनी रेसिडेंटकडे माणसं पाठवून, फौजेनं हे आपल्या हुकुमाशिवाय केलं, असं कळवलं. लढले ते मुख्यतः अरब. हजारोंचं घोडदळ भोवती गोळा होऊन उभं होतं. म्हणून माझ्या नियमात भोसल्यांच्या प्रत्येक तुकडीला हलण्याआधी हुकूम पोचला की नाही यासाठी फासा टाकावा लागतो. अरबांना दोनच्या वर काहीही पडलं तरी चालतं, घोडदळाला सहाच हवा. असा डाव मांडला की खेळणाऱ्याच्या लक्षात येतं: अठरा हजारांपैकी टेकडी चढणारी माणसं टेबलावर सत्तर-ऐंशी आकृत्याच आहेत. बाकीच्या पावणेचारशे, ज्या रंगवण्यात तीन महिने गेले, त्या उभ्या राहून पाहत राहतात. हे इतिहासाच्या पुस्तकात मी अनेकदा वाचलं होतं. रंगवलेल्या घोड्यांच्या रांगा न हलता उभ्या दिसल्या तेव्हाची चीड मात्र वाचून कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर तोफ डागली. तेव्हा कॅप्टन फिट्झजेराल्ड यांनी घोडदळाचे तीन ट्रूप घेऊन मैदानातल्या मराठी घोडदळावर चाल केली आणि दोन तोफा हिसकावल्या. टेबलावर ते तीन ट्रूप म्हणजे जेमतेम सात-आठ स्वार. ते नेमके कधी सोडायचे यावर कंपनीच्या बाजूचा सगळा खेळ असतो. लवकर सोडले तर वाया जातात, उशीर केला तर टेकडी गेलेली असते. दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट हाही त्या दिवसाचा भाग होता, म्हणून दोन फाशांवर दोन षटकार पडले की एक गाडा उडतो, मग तो कोणाचाही असो. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अठरा तासांत कंपनीची साडेतीनशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे चारांत एक. चौतीस आकृत्यांपैकी नऊ आडव्या. पडलेल्या आकृत्या मी डब्यात टाकू देत नाही. त्या जिथे पडल्या तिथेच, कडेला आडव्या ठेवायच्या. खेळ संपेपर्यंत टेकडीचा उतार कसा दिसतो ते दोन्ही बाजूंना दिसायला हवं.

गोटमार बंद व्हावी की नाही यावर पांढुर्ण्या-सावरगावात प्रत्येकाचं ठाम मत आहे, आणि बाहेरच्यानं त्यात एका परिच्छेदात निकाल देऊ नये. माझं म्हणणं पोळ्याच्या आदल्या महिन्यापुरतं आहे. लाकडी बैलाच्या वयातून बाहेर पडलेला आणि नदीत उतरायची स्वप्नं पाहणारा बारा-चौदा वर्षांचा मुलगा या काळात काय करतो? त्याच्या हाताला ब्रश आणि समोर टेबल मिळावं. जाम नदीचं पात्र, पळस, झेंडा आणि दोन काठांवरची माणसं याच मापात करता येतात. सावरगावचा बचाव कुठे कमी पडतो आणि पांढुर्णेकर कुठल्या बाजूनं आत घुसतात, याच्या चर्चा तिथल्या पारांवर इतक्या बारकाईनं होतात की नियम लिहायला कोणाला बाहेरून बोलवायची गरज पडणार नाही.

सीताबर्डीची फौज एकदा उभी राहिली की तिचं काम संपत नाही. 16 डिसेंबर 1817 ला ब्रिगेडियर जनरल डव्हटन यांनी सक्करदऱ्याच्या बाजूला भोसल्यांच्या उरलेल्या फौजेचा पराभव केला. अप्पासाहेब त्याआधीच इंग्रजांच्या हाती गेले होते. अरब मात्र हटले नाहीत. राजा नाही, पगार देणारं कोणी नाही, तरी त्यांनी नागपूर शहर धरून ठेवलं. 24 डिसेंबरला शहराच्या जुम्मा दरवाजावर झालेला हल्ला त्यांनी परतवला आणि 30 डिसेंबरला आपल्या अटी मान्य करून घेऊनच ते बाहेर पडले. त्या डावासाठी नव्या आकृत्या लागणार नाहीत, हेच पंच्याहत्तर अरब पुरतील. लागेल तो फक्त दरवाजा. आज त्याला गांधी गेट म्हणतात आणि तो नागपूरच्या महाल भागात उभा आहे. फूटपट्टी, वही आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन सकाळच्या गाडीनं गेलं तर संध्याकाळपर्यंत मापं घेऊन परत येता येतं. कमानीसाठी जाड पुठ्ठा घ्यावा. थर्माकोलवर दगडांच्या सांध्यांच्या रेघा नीट उठत नाहीत.